टक लावून पाहणारं बाळ: ‘बेबी आइन्स्टाइन’ आणि आई-बाबांची समजूत

२००९ च्या सप्टेंबरमध्ये डिस्ने कंपनीने अमेरिकेतल्या आई-बाबांसाठी एक योजना जाहीर केली. ५ जून २००४ ते ५ सप्टेंबर २००९ या काळात ‘बेबी आइन्स्टाइन’ या तान्ह्या बाळांसाठीच्या मालिकेची डीव्हीडी घेतली असेल तर ती परत पाठवा. दर डीव्हीडीमागे १५ डॉलर ९९ सेंट मिळतील, एका घराला जास्तीत जास्त चार डीव्हीडींचे. रोख नको असेल तर त्याच मालिकेतली दुसरी वस्तू घ्या, नाहीतर पुढच्या खरेदीवर सूट घ्या. मुदत मार्च २०१० पर्यंत. कंपनीच्या मते हा ग्राहकसेवेचा भाग होता, चुकीची कबुली नव्हे. आदल्या वर्षी काही वकिलांनी सामूहिक दाव्याचा इशारा दिला होता, हेही इथेच नोंदवलेलं बरं.

एक खरं, की मालात खोट नव्हती. तबकडी चालत होती, चित्रं दिसत होती, मोझार्ट वाजत होता. खोट निघाली ती घेणाऱ्यांच्या समजुतीत: हे दाखवलं की बाळ हुशार होतं. ही समजूत आली कुठून, आणि डॉक्टर, संशोधक, सरकारी तक्रारी एवढं सगळं होऊनही ती पुरती का गेली नाही, हे या प्रकरणात पाहायचं आहे. कंपनीला झोडपायला सोपं आहे. मला जास्त रस आहे तो डीव्हीडी लावून सोफ्यावर टेकलेल्या आईत.

तळघरातली कॅसेट

ज्युली एग्नर-क्लार्क या शाळेत इंग्रजी आणि कला शिकवायच्या. मुलगी झाल्यावर त्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या अल्फरेटा गावी घरीच होत्या. आपल्याला आवडतं ते सगळं, म्हणजे चित्रं, कविता, पाश्चात्त्य अभिजात संगीत, तान्ह्या मुलीपुढे ठेवावं असं त्यांना वाटे, आणि बाजारात तसं काही मिळेना. मग उसना कॅमेरा आणला, नवऱ्याला हाताशी घेतलं आणि घराच्या तळघरात चित्रीकरण केलं. १९९७ मध्ये निघालेल्या त्या पहिल्या कॅसेटमध्ये गोष्ट नव्हतीच. खेळणी, बाहुल्या, हलणाऱ्या चकचकीत वस्तू, आणि त्यावर सात भाषांतल्या आयांचे आवाज: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, हिब्रू, जपानी, रशियन, स्पॅनिश. पुढच्या वर्षी ‘बेबी मोझार्ट’ आली. मग बाख, शेक्सपिअर, व्हॅन गॉग अशी रांगच लागली.

२००१ मध्ये डिस्नेने ही कंपनी विकत घेतली. २००३ च्या एका पाहणीनुसार सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या अमेरिकन बाळांपैकी सुमारे एकतृतीयांश बाळांकडे या मालिकेतलं निदान एक चित्रण होतं. २३ जानेवारी २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात क्लार्कबाईंचं नाव घेऊन त्यांच्या उद्यमशीलतेचं कौतुक केलं. बाई प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या होत्या. तळघर ते संसद, अवघ्या दहा वर्षांत.

या यशातला मोठा वाटा नावाचा आहे, असं माझं मत आहे. ‘तुमचं मूल हुशार होईल’ असं खोक्यावर छापायची गरजच उरत नाही. तो दावा आई स्वतःच, दुकानात उभ्या उभ्या, मनात पुरा करते. गंमत म्हणजे खुद्द आइन्स्टाइन लहानपणी उशिरा बोलायला लागले होते, इतके की आई-वडिलांनी घाबरून डॉक्टरांना गाठलं होतं. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

दहा मिनिटांचा मोझार्ट

समजुतीची जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. १९९३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सेस राउशर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं एक छोटं टिपण आलं. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवला. त्यानंतर त्यांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली. परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. एवढंच. त्या प्रयोगात बाळ एकही नव्हतं आणि टीव्हीचा तर संबंधच नव्हता.

पण वर्तमानपत्रांतून फिरता फिरता विद्यार्थ्यांचे ‘माणसं’ झाले, माणसांची ‘मुलं’ झाली, मुलांची ‘बाळं’ झाली आणि पंधरा मिनिटं गळून पडली. जानेवारी १९९८ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला अभिजात संगीताची सीडी किंवा कॅसेट देण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. आमदारांना त्यांनी सभागृहात बीथोवनची धून ऐकवली आणि विचारलं, आता हुशार झाल्यासारखं वाटतंय की नाही? ज्या राज्यातल्या तळघरात कॅसेट निघाली त्याच राज्याचा हा गव्हर्नर. नव्या आईच्या कानावर एकीकडून सरकार आणि दुसरीकडून दुकानदार तीच गोष्ट घालत असतील तर तिने शंका घ्यावी कशी?

आपल्याला यावर हसायची सोय नाही. सुभद्रेच्या पोटात चक्रव्यूहाची युक्ती ऐकणारा अभिमन्यू आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि त्याच्या नावावर गर्भसंस्काराच्या सीडी आपल्याकडेही घरोघर गेल्या आहेत. त्याला व्यूहातून बाहेर पडायचं कळलं नव्हतं, हा कथेचा उरलेला अर्धा भाग मात्र जाहिरातीत येत नाही.

२९, २३, २१

असं नाही की कुणी सावध केलंच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, १९९९ मध्येच सांगितलं होतं की दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नये. डीव्हीडींचा खप वाढला तो यानंतर. डॉक्टरांचा सल्ला ‘टीव्ही’बद्दल होता. आणि आई-बाबांच्या लेखी ही डीव्हीडी टीव्ही नव्हतीच, ते शिकण्याचं साधन होतं. एकाच पडद्यावर दोन वेगळ्या वस्तू चालतात अशी ही विभागणी, आणि माझ्या मते हा या प्रकरणाचा कणा आहे.

मे २००७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे फ्रेडरिक झिमरमन, दिमित्री क्रिस्टाकिस आणि अँड्र्यू मेल्ट्झॉफ यांनी एका फोनपाहणीचे निष्कर्ष छापले. मिनेसोटा आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या, दोन वर्षांखालची मुलं असलेल्या १,००९ पालकांशी ते बोलले होते. तीन महिन्यांच्या बाळांपैकी ४० टक्के बाळं टीव्ही किंवा डीव्हीडी नियमित पाहत होती. दोन वर्षांपर्यंत हा आकडा ९० टक्क्यांवर जात होता. तीन महिन्यांचं बाळ म्हणजे नुकतीच मान धरू लागलेलं बाळ.

मग विचारलं, का दाखवता? २९ टक्के म्हणाले, त्यातून मूल शिकतं, मेंदूला चांगलं असतं. २३ टक्के म्हणाले, बाळाला आवडतं, ते रमतं. आणि २१ टक्क्यांनी सांगितलं की तेवढ्या वेळात आमची कामं होतात.

हे तीन आकडे मी कितीतरी वेळा उलटसुलट वाचले. मला वाटतं ते तीन वेगळ्या पालकांचे नाहीत. एकाच आईच्या मनात तिन्ही कारणं एकावर एक बसलेली असतात आणि फोनवर अनोळखी माणूस विचारतो तेव्हा सगळ्यात वरचं, सगळ्यात शोभेल असं कारण बाहेर येतं. ‘मला शांतपणे डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं’ हे सांगायला जीभ अडते. ‘शैक्षणिक आहे’ हे चटकन सांगता येतं. ही लबाडी म्हणता येणार नाही, कारण तिचाही त्यावर विश्वास असतो. पण तो विश्वास तिला अर्ध्या तासाची मोकळीक देतो आणि वर अपराधी वाटू देत नाही. अशी समजूत सुटायला फार कठीण. २९ टक्के पालकांना भाबडं म्हणणाऱ्या माणसाने आधी एखाद्या दहा महिन्यांच्या रांगत्या बाळासोबत घरात एकट्याने आठवडा काढून पाहावा.

जिथे ‘शिकण्या’ची सबब लागत नाही तिथे कारणं सरळच येतात. कायझर फॅमिली फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या २००६ च्या पाहणीत सहा वर्षांपर्यंतच्या सुमारे एकतृतीयांश मुलांच्या झोपायच्या खोलीत टीव्ही होता. का ठेवला, याचं सगळ्यात जास्त पालकांनी, म्हणजे ५५ टक्क्यांनी, दिलेलं कारण असं की दिवाणखान्यातला टीव्ही मोकळा होतो आणि घरातल्या बाकीच्यांना आपले कार्यक्रम पाहता येतात. इथे मेंदूचं नाव कुणी काढत नाही.

डोळ्यांनी पाहिलेला पुरावा

पण सोय एवढ्यावरच समजूत उभी राहत नाही. आई-बाबांकडे पुरावाही होता, आणि तो रोज डोळ्यांसमोर असायचा. रडणारं बाळ डीव्हीडी लावताच गप्प व्हायचं, तोंड किंचित उघडं, डोळे पडद्यावर खिळलेले. एवढं लक्ष ते आईच्या तोंडाकडेही देत नसे. इतकं मन लावून पाहतंय म्हणजे काहीतरी डोक्यात जातच असणार. कुणालाही असंच वाटेल.

अचानक काही हललं, चमकलं, आवाज बदलला की नजर तिकडे वळणं ही शरीराची जुनी सवय आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने कुत्र्यांच्या बाबतीत तिचं वर्णन करून ठेवलेलं आहे. पडदा दर काही सेकंदांनी चित्र बदलतो आणि नजर पुन्हा पुन्हा ओढून घेतो. कळण्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. २०१० मध्ये छापलेल्या एका प्रयोगात संशोधकांनी बाळांच्या एका लोकप्रिय कार्यक्रमातली दृश्यं उलटीपालटी जोडली, बोलणं उलटं वाजवलं आणि दोन्ही आवृत्त्या लहान मुलांना दाखवल्या. दीड आणि दोन वर्षांच्या मुलांना बिघाड जाणवला. ती नीट आवृत्तीकडे जास्त वेळ पाहत राहिली. सहा महिन्यांची आणि वर्षाची बाळं मात्र दोन्हीकडे सारखीच टक लावून पाहत होती. अर्थ असला काय, नसला काय.

सात भाषांच्या कॅसेटचं उत्तरही त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात, २००३ मध्ये, मिळालेलं होतं. पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती स्वतः बसून पुस्तकं, खेळणी घेऊन बोलत होती. काहींना तीच व्यक्ती, तेच बोलणं, पडद्यावर दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगळे ओळखता येऊ लागले. पडद्यावर पाहणाऱ्यांची स्थिती मँडरिनचा एक शब्दही न ऐकलेल्या बाळांइतकीच राहिली.

आता या प्रकरणातला, माझ्या दृष्टीने, सगळ्यात बोलका प्रयोग. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्युडी डिलोच आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये छापला. बाळांसाठीची एक भरपूर खपणारी डीव्हीडी निवडली. तिच्यात घरातल्या २५ वस्तूंची नावं शिकवली होती. बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांचे चार गट केले. एका गटातली मुलं डीव्हीडी आईबरोबर पाहायची, दुसऱ्यातली एकटी. तिसऱ्या गटाला डीव्हीडी दिलीच नाही. त्या आई-बाबांना फक्त शब्दांची यादी देऊन सांगितलं की जमेल तसं, जाता-येता शिकवा. चौथ्या गटाला काहीच नाही. महिनाभराने तपासलं. डीव्हीडीवाल्या दोन्ही गटांतली मुलं काहीच न दिलेल्या गटापेक्षा जास्त शब्द शिकली नव्हती. जास्त शिकली ती यादीवाली.

पण मुलांपेक्षा पालकांची उत्तरं जास्त वाचण्यासारखी आहेत. डीव्हीडीतून मूल किती शिकलं असं तुम्हाला वाटतं, हेही त्यांना विचारलं होतं. मूल खरंच किती शिकलं याच्याशी त्यांच्या अंदाजाचा मेळ नव्हता. मेळ होता तो त्यांना स्वतःला डीव्हीडी किती आवडली याच्याशी. ज्यांना ती जास्त आवडली त्यांना मूलही जास्त शिकल्यासारखं वाटलं.

यात आणखी एक साधी गोष्ट मिसळते. या वयात मूल रोज बदलतं. काल नुसतं ‘ब ब ब’ करणारं आज मोराकडे बोट दाखवून ‘मो’ म्हणतं. महिनाभर डीव्हीडी दाखवली आणि महिन्याअखेर चार नवे शब्द आले, तर श्रेय डीव्हीडीला जातं. डीव्हीडी दाखवली नसती तरी हेच झालं असतं का, हे एकाच मुलावरून कोणत्याच आईला कळायचा मार्ग नाही. त्यासाठी चौथा गट लागतो, आणि घरात चौथा गट नसतो.

उलट बाजूची घाई

इथवर गोष्ट सरळ आहे. यापुढे ती गुंतते, आणि बहुतेक लेख हा भाग गाळतात.

ऑगस्ट २००७ मध्ये झिमरमन, क्रिस्टाकिस, मेल्ट्झॉफ याच तिघांनी दुसरा निबंध छापला. आठ ते सोळा महिन्यांची बाळं दिवसाला तासभर अशा डीव्हीडी पाहत असतील, तर दर तासामागे त्यांना सहा ते आठ शब्द कमी कळतात, असा त्यातला संबंध विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकाने पुढे केला. बातम्यांचे मथळे झाले: डीव्हीडीने बाळ मठ्ठ होतं. डिस्नेचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क एमर्ट यांना पत्र लिहून प्रसिद्धिपत्रक मागे घ्यायला सांगितलं. एमर्ट यांनी नकार दिला. पुढे क्लार्क दांपत्याने अभ्यासाची मूळ माहिती मिळावी म्हणून विद्यापीठाला कोर्टात खेचलं आणि ते प्रकरण तडजोडीत मिटलं. २०१४ मध्ये क्रिस्तोफर फर्ग्युसन आणि ब्रेंट डॉनेलन यांनी त्याच माहितीची पुन्हा छाननी केली, तेव्हा तो तोट्याचा संबंध ठाम टिकला नाही. आकडेमोडीची रीत बदलली की निष्कर्ष बदलत होता. मूळ निबंधातही सतरा ते चोवीस महिन्यांच्या मुलांत असा संबंध आढळला नव्हता, आणि ज्यांना शब्द कमी येतात त्यांच्याच पालकांनी डीव्हीडी जास्त आणल्या असतील, ही शक्यताही उरतेच.

म्हणजे ‘हुशार होतं’ या समजुतीला आधार नव्हता, आणि ‘मठ्ठ होतं’ ही समजूत आधारापुढे धावली. पक्कं एवढंच राहतं की या वयात बाळ पडद्याकडून फारसं काही शिकत नाही आणि समोरच्या माणसाकडून भरभरून शिकतं. याचा मथळा होत नाही, ही अडचण आहे.

लहान मुलांना उद्देशून होणाऱ्या जाहिरातबाजीविरुद्ध काम करणाऱ्या बोस्टनच्या एका संस्थेने मे २००६ मध्येच अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाकडे ‘बेबी आइन्स्टाइन’च्या दाव्यांबद्दल तक्रार केली होती. कंपनीने संकेतस्थळावरचे काही दावे आणि पालकांचे अभिप्राय बदलले, म्हणून आयोगाने डिसेंबर २००७ मध्ये कारवाई न करता प्रकरण बंद केलं. त्यानंतर वकिलांचं पत्र आणि मग ती परतफेडीची योजना. २०१३ मध्ये डिस्नेने ‘बेबी आइन्स्टाइन’ अटलांटातल्या किड्स टू या कंपनीला विकलं. फिरून पुन्हा जॉर्जियात. नाव अजून चालतंय.

डीव्हीडी गेली, फोन आला

वस्तू बदलली तरी समजुतीने फक्त घर बदललं. आता ती फोनवरच्या बडबडगीतांच्या व्हिडिओंवर बसली आहे, आणि आपल्याकडे तिला एक खास जोड मिळाली आहे: ‘लावल्याशिवाय जेवतच नाही.’ इथेही पुरावा डोळ्यांसमोर असतो. वाटी रिकामी होते, एकेक घास जातो. बाळ पोट भरल्याची खूण विसरून तोंड उघडतंय, हे त्या रिकाम्या वाटीत दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाखालच्या बाळांना पडदा अजिबात नको असं सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, दोन वर्षांपर्यंत पडदा नको म्हणते. पण तिने एक फट ठेवली आहे, आणि अमेरिकन संघटनेनेही २०१६ मध्ये तीच ठेवली: व्हिडिओ कॉल चालेल. कारण पलीकडचा माणूस बाळाला उत्तर देतो. २०१४ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांनी व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या व्यक्तीकडून नवी क्रियापदं उचलली, जवळजवळ समोर बसलेल्या माणसाकडून उचलावीत तशी. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या चित्रणातून मात्र उचलली नाहीत.

न्यू जर्सीत नातू आणि साताऱ्यात आजी अशी कितीतरी मराठी घरं आहेत. आजी फोन भलताच वर धरते. पलीकडे तिचं कपाळ आणि छताचा पंखाच दिसतो. ती विचारते, “अरे सोन्या, तुझी भूभू कुठाय?” पोरगं धडपडत आत जातं, कापडी कुत्रं ओढत आणतं आणि पडद्यावर आपटतं. “बघ, कळतं त्याला सगळं,” आजी म्हणते.